बुद्धिबळात हरत आलेला डाव तीनदा रिपिटिशनवर ड्रॉ कसा करायचा

टूर्नामेंटमधे पोझिशन (पटावरची मांडणी) रिपीट व्हायला लागली की खूप जण समोरच्याला "ड्रॉ ना?" विचारतात. विचारू नका. ती झाली ड्रॉ ऑफर आणि समोरचा सरळ नाही म्हणू शकतो. तीच पोझिशन तिसऱ्यांदा येत असेल तर ड्रॉ हा तुमचा हक्क आहे, त्याच्या परवानगीचा प्रश्नच नाही.

आता नीट बघा, कारण बहुतेकांचं इथेच बिघडतं. तुमच्या चालीने पोझिशन तिसऱ्यांदा येणार असेल तर ती चाल पटावर खेळायचीच नाही, आधी फक्त स्कोअरशीटवर (चाली नोंदवायच्या कागदावर) लिहायची, मग घड्याळ थांबवायचं आणि आर्बिटरला, म्हणजे पंचाला, बोलवून सांगायचं की ही चाल खेळली की तीच पोझिशन तिसऱ्यांदा येते. खेळून क्लॉक दाबलंत की पाळी त्याची, मग क्लेम (ड्रॉचा दावा) पण त्याचाच. आणि त्याच्या चालीने तिसऱ्यांदा आली असेल तर काही लिहायचं नाही, लगेच क्लेम, पण त्याआधी चुकूनही मोहऱ्याला हात लावू नका, लावला तर त्या चालीपुरता हक्क गेला.

पोझिशन लागोपाठ यायला पाहिजे असं अजिबात नाही, मधे दहा चाली गेल्या तरी चालतं. फक्त तिन्ही वेळा पाळी त्याच खेळाडूची हवी आणि कॅसलिंग (राजा आणि हत्तीची एकत्र चाल), आँ पासाँ (दोन घरं पुढे आलेलं प्यादं जाता जाता मारणं) यांचे हक्कही तेच हवेत. म्हणजे कॅसलिंग शिल्लक असताना राजा एक घर जाऊन परत आला तर पट दिसायला सेम, पण नियमाने पोझिशन वेगळी!

क्लेम चुकला तर समोरच्याला 2 मिनिटं जास्त मिळतात आणि लिहिलेली चाल खेळावीच लागते. म्हणून स्कोअरशीट स्वच्छ ठेवा, माझ्या मते अर्धा क्लेम तिथेच जिंकला जातो. 30 सेकंद इन्क्रिमेंट (दर चालीला मिळणारा वाढीव वेळ) नसेल आणि 5 मिनिटांपेक्षा कमी वेळ उरला तर लिहिणं सक्तीचं नसतं, तरी जमेल तेवढं लिहाच. पाचव्यांदा आली तर क्लेमही लागत नाही, डाव आपोआप ड्रॉ.

आणि तुम्ही जिंकत असाल तर उलट सावध राहा, दुसऱ्यांदा आली की तिथेच चाल बदला. 1971 ला ब्युनोस आयर्सच्या मॅचमधे तिसऱ्या डावात माजी जगज्जेत्या पेट्रोसियनची पोझिशन चांगली होती, रिपिटिशन त्याच्या लक्षातच आलं नाही आणि अमेरिकेच्या बॉबी फिशरने क्लेम करून अर्धा पॉइंट नेला.