अ‍ॅक्सल घरी बदलायचा की गॅरेजला द्यायचा? आधी मधला नट हलवून बघा

‘सोपं आहे, दोन तासांत होतं’ आणि ‘अ‍ॅक्सलला घरी हातच लावू नका’ हे दोन्ही सल्ले मी इतक्यांदा ऐकलेत की आता चीड येते. दोन्ही सल्ले गाडी न बघता दिलेले असतात. तोच अ‍ॅक्सल एका गाडीतून दीड तासात निघतो आणि दुसऱ्या गाडीत दिवसभर घाम काढतो. फरक असतो चाकाच्या मधल्या नटाचा आणि हबमध्ये (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) बसलेल्या गंजाचा. या दोन्हींची परीक्षा काम सुरू करण्याआधीच घेता येते, पण ती कोणी सांगत नाही.

इथे मी पुढची चाकं ओढतात अशा गाडीच्या सीव्ही अ‍ॅक्सलबद्दल बोलतोय, म्हणजे गिअरबॉक्सपासून चाकापर्यंत जाणारा शाफ्ट, ज्याच्या दोन्ही टोकांना वळणारे सांधे (सीव्ही जॉइंट) असतात. मागच्या अखंड अ‍ॅक्सलवर बेअरिंग दाबून बसवलेलं असेल तर त्याला हायड्रॉलिक प्रेस लागतो, म्हणून ते काम गॅरेजचंच. वाकलेला अ‍ॅक्सल गरम करून सरळ करून देतो किंवा तडा वेल्डिंगने भरून देतो असं कोणी म्हणालं, तर गाडी तिथून बाहेर काढा. हे पोलाद उष्णतेची प्रक्रिया करून कठीण केलेलं असतं. पुन्हा तापवलं की ती ताकद जाते आणि शाफ्ट पुढे कधीतरी धावत्या गाडीत तुटतो.

आधी दुखणं नक्की करा

स्टीअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना कट-कट आवाज आला तर चाकाकडचा सीव्ही जॉइंट गेला. सरळ रस्त्यावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाडी थरथरते आणि सोडला की थांबते, तर संशय गिअरबॉक्सकडच्या जॉइंटवर. वेगाबरोबर वाढत जाणारी घूं-घूं बहुतेकदा चाकाच्या बेअरिंगची किंवा टायरची असते. त्यासाठी अ‍ॅक्सल बदलून पैसे वाया घालवणारे मी पाहिलेत.

जॉइंटवरचं रबरी आवरण (बूट) फाटून ग्रीस रिमच्या आतल्या बाजूला उडालंय, पण आवाज अजून नाही, असं असेल तर नुसता बूट बदलता येतो. मात्र ग्रीस चिमटीत घेऊन चोळा. वाळूसारखं टोचलं तर जॉइंट झिजायला लागलाय, मग अख्खा शाफ्टच बदला. एकदा कट-कट सुरू झाली की नवं ग्रीस भरून काही होत नाही, चार दिवस आवाज दबतो इतकंच. बूट बदललात तर किटमधलंच मॉलिब्डेनमवालं ग्रीस वापरा. क्लिपच्या जागी प्लास्टिकची पट्टी आवळू नका, ती सुटते.

निर्णय इथे होतो

नवा नट आधी आणून ठेवा. बऱ्याच गाड्यांत हा नट एकदाच वापरायचा असतो. ३०० न्यूटन-मीटरपर्यंत जाणारा टॉर्क रेंच (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना) हाताशी असू द्या, विकत, उसना किंवा भाड्याने. तो नसेल तर नटाला पाना लावायचाच नाही, पुढचं सगळं याच्यावर अवलंबून आहे.

गाडी जमिनीवर, चाक जागेवर, हँडब्रेक ओढलेला, आणि आत बसून कोणीतरी ब्रेक दाबून धरलेला. गाडी वर उचलून नट सोडवायचा प्रयत्न करू नका. जोर लावताना गाडी स्टँडवरून सरकते. मधली टोपी काढा. नटाची कड शाफ्टच्या खाचेत ठोकून बसवलेली असेल तर बारीक छिन्नीने ती आधी पूर्ण उचला, नाहीतर नट फिरताना आटे खरवडतो. स्प्लिट पिन असेल तर ती काढा. सॉकेट बहुतेक ३०, ३२ किंवा ३६ मिलिमीटरचा लागतो, सहा कोनांचाच घ्या. बारा कोनांचा घसरतो.

चाकाचे नट साधारण १०० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळलेले असतात. हा मधला नट अनेक गाड्यांत १८० ते ३०० वर असतो आणि वर गंज. त्यामुळे रॅचेट (एकाच दिशेने पकडणारा पाना) वापरू नका, त्याची आतली दाती तुटते. सरळ, लांब दांडा घ्या. एक मीटरच्या टोकावर साठ किलो वजन टाकलं की जवळजवळ ६०० न्यूटन-मीटर जोर लागतो. एवढ्यावरही नट हलला नाही तर तिथेच थांबा. उचललेली कड परत खाचेत ठोका, टोपी लावा, गाडी चालवत गॅरेजला न्या. तुमचं काहीही बिघडलेलं नाही.

नट हलला तर फक्त सैल करा आणि गाडी एक फूटसुद्धा ढकलू नका. काही गाड्यांत हा नटच बेअरिंग दाबून धरतो. तो सैल असताना चाकावर भार घेऊन गाडी फिरली की बेअरिंग जातं. आता गाडी वर घ्या, स्टँडवर ठेवा (नुसत्या जॅकवर कधीही नाही), चाक काढा.

पुढचा टप्पा सगळ्यात चुकीचा शिकवला जातो, आणि मीही तो चुकीचाच शिकलो होतो. शाफ्टचे दाते हबच्या दात्यांत बसलेले असतात आणि मध्ये गंज धरतो. मला सांगितलं होतं, ‘नट काढ आणि टोकावर हातोडा घाल.’ मी नट पूर्ण काढला आणि लोखंडी हातोड्याने थेट आट्यांवर ठोकलं. तिसऱ्या घावाला टोक खिळ्याच्या डोक्यासारखं पसरलं. शाफ्ट तसूभरही आत गेला नव्हता, आणि आता नट परत चढत नव्हता. गाडी स्टँडवर, ना पुढे ना मागे. शेवटी ओढून न्यावी लागली. गॅरेजमधल्या मिस्त्रींनी हबला पुलर (स्क्रूने शाफ्ट आत ढकलणारं हत्यार) लावला, आवळला आणि हात बाजूला घेऊन नुसते थांबले. मिनिटभराने बंदुकीसारखा आवाज झाला आणि शाफ्ट सुटला. दात्यांमधून तपकिरी भुकटी जमिनीवर सांडली. तीन आठवड्यांनी त्याच चाकातून घूं-घूं सुरू झाली. माझ्या ठोकाठोकीत बेअरिंगही गेलं होतं.

तेव्हापासून मी असं करतो. नट पूर्ण काढत नाही, शाफ्टच्या टोकाच्या पातळीत येईपर्यंतच उलटा फिरवतो, म्हणजे आटे झाकलेले राहतात. त्यावर कठीण लाकडाचा ठोकळा धरून चार-पाच नेमके घाव घालतो, बास. हबच्या तोंडाशी शाफ्ट दोन मिलिमीटर आत सरकलेला दिसला, तर काम घरचं आहे, बिनधास्त पुढे जा. नाही सरकला तर गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा, सकाळी पुन्हा चार घाव किंवा पुलर. तरीही नाही? मग नवा नट लावा, चाक चढवा, गाडी जमिनीवर घ्या, ब्रेक दाबून नट मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत टॉर्क रेंचने आवळा, कड ठोका आणि गाडी चालवत गॅरेजला न्या. लोअर आर्मला (चाक खालून धरणारा दांडा) अजून हात लावलेला नसतो, म्हणून हे शक्य होतं. त्या आर्मचा बॉल जॉइंट (चाकाकडचा सांधा) आधी सोडवून मग अडकणारे लोक हीच परतीची वाट बंद करून टाकतात.

उरलेलं काम

बॉल जॉइंट सोडवा. दुबेळक्याच्या आकाराचं हत्यार मध्ये ठोकू नका, त्याने रबर फाटतं. नकलच्या (हब धरणारा भाग) बाजूवर हातोड्याचे दोन घाव पुरतात. मग मधला नट पूर्ण काढून शाफ्ट हबबाहेर घ्या, पण ब्रेकच्या नळीवर आणि एबीएसच्या वायरवर ताण येऊ देऊ नका. गिअरबॉक्सखाली तसराळं ठेवा, तेल येणारच.

आतलं टोक काढताना शाफ्टला धरून ओढायचं नाही. आतला जॉइंट स्वतःच सुटून येतो आणि अर्धा आतच राहतो. पहार जॉइंटच्या कवचाला लावून एक झटका द्या, ऑइल सीलच्या ओठाला न खरवडता. दोन्ही बाजू बदलायच्या असतील तर एकेक करा. काही गिअरबॉक्समध्ये दोन्ही शाफ्ट एकदम काढले की डिफरन्शियलचे (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा भाग) आतले गिअर जागा सोडतात.

बसवण्याआधी जुना आणि नवा शाफ्ट शेजारी ठेवून लांबी, दाते आणि एबीएसची (चाकाचा वेग मोजण्यासाठीची) कडी मोजून बघा. दुकानदाराने सांगितलं म्हणून विश्वास ठेवू नका. आतलं टोक बसल्याचा ‘टक’ जाणवला पाहिजे, मग कवच धरून हलकंसं ओढून बघा, बाहेर यायला नको. जेवढं तेल गेलं तेवढंच, त्याच प्रतीचं भरा. मधल्या नटाचा शेवटचा टॉर्क गाडी जमिनीवर आल्यावर, ब्रेक दाबून.

गॅरेजला दिलीत तर दोन गोष्टी आधीच बोलून घ्या: नट नवा लावायचा, आणि शेवटी तो हवेच्या गनने नाही, टॉर्क रेंचने आवळायचा. रेंचचा ‘कट’ ऐकायला शेजारी उभे राहा. चांगला मिस्त्री याचा राग मानत नाही. जो मानतो, त्याच्याकडे मी गाडी ठेवत नाही.