बासची गुणगुण आणि ब्रिजखालची तार

सेकंडहँड चार तारांची स्वस्त बास गिटार ॲम्पला जोडली, तर सुरांपेक्षा गुणगुणच जास्त. तारांना हात लावला तरी फरक नाही. जॅकच्या (केबल खोचायची जागा) धातूला बोट टेकवलं की मात्र एकदम शांत. म्हणजे अर्थिंग तारांपर्यंत पोचतच नव्हतं.

मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (जोडणी सलग असेल तर बीप देणारी सेटिंग) ठेवून एक टोक ब्रिजला (तारा टेकतात तो धातूचा भाग), दुसरं जॅकच्या बाहेरच्या भागाला लावलं. बीप नाही. तारा सैल करून ब्रिजचे स्क्रू काढले. खाली अर्थची तार होती, पण तिच्यावर रंगाचा जाड थर! तारेचं टोक आणि ब्रिजची खालची बाजू सँडपेपरने घासली, तारेचे धागे पंख्यासारखे पसरवले, ब्रिज घट्ट आवळला. बीप आला. (मी आधी नवे पिकअप, म्हणजे तारांचं कंपन पकडणारे चुंबकी भाग, घ्यायला निघालो होतो.)

उरलेली बारीक गुणगुण सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याच्या) पिकअपची. कंट्रोलच्या (आवाजाच्या नॉबखालच्या) खाचेत तांब्याची टेप चिकटवली आणि ती अर्थच्या तारेला डाग देऊन जोडली. टेप सिग्नलच्या टोकाला टेकली तर आवाजच बंद होतो. माझा झालाच.

ॲम्प मात्र नीट अर्थिंग असलेल्या तीन पिनच्या सॉकेटलाच लावा. आता तुमचा हात त्याच अर्थला जोडलेला असतो.