देशव्यापी संपाच्या दिवशी छत्रपती संभाजीनगरात घर कसे चालवावे

संपाची बातमी आली की "उद्या सगळे बंद आहे का?" असे विचारले जाते. माझ्या मते प्रश्न वेगळा असायला हवा. बंदमध्ये दुकाने आणि बाजारपेठाही मिटतात, संपात मात्र कामगार आपापले काम थांबवतात. त्यामुळे कोणत्या सेवेतील कर्मचारी सहभागी आहेत, हे आधी समजून घ्यावे. केंद्रीय कामगार संघटनांच्या संपाची तारीख बरीच आधी जाहीर होते. तेवढ्या अवधीत वीज, पाणी, बँक, टपाल, एसटी आणि अंगणवाडी यांची नावे कागदावर लिहून प्रत्येकापुढे खात्रीची माहिती नोंदवत जावी. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या संदेशांवर विसंबू नये, कारण त्यांत मागच्या संपाचे मजकूरही सर्रास पुढे ढकलले जातात.

आपल्या शहरात सर्वांत आधी विचार पाण्याचा करावा लागतो. जायकवाडीतून उपसलेले पाणी फारोळा आणि नक्षत्रवाडी या मार्गाने येते आणि हा सगळा उपसा विजेवर चालतो. २८ व २९ मार्च २०२२ च्या संपात वीज कर्मचारीही उतरले होते. अशा वेळी एखादा बिघाड दुरुस्त व्हायला नेहमीपेक्षा अधिक वेळ लागू शकतो. उपसा काही तास जरी थांबला, तरी पुढच्या वसाहतींचे वेळापत्रक सरकते. आपल्याकडे नळाला रोज पाणी सुटत नाही, म्हणून संपापूर्वीच्या शेवटच्या पाळीला टाकी, ड्रम आणि हंडे भरून घ्यावेत, पिण्याचे पाणी वेगळे झाकून ठेवावे आणि धुणे दोन दिवस पुढे ढकलावे. अपार्टमेंटमध्ये आदल्या रात्रीच मोटार चालवून वरची टाकी भरावी, तसेच वृद्ध व्यक्तींनी त्या दिवशी लिफ्टवर अवलंबून राहू नये. फोन आणि इन्व्हर्टर चार्ज असावेत. वीज गेल्यास १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवून ठेवावी.

पैशांच्या बाबतीत दिनदर्शिका नीट पाहावी. २०२२ च्या त्या संपाआधी चौथा शनिवार आणि रविवार आला होता, त्यामुळे अनेक शाखांचे कामकाज सलग चार दिवस ठप्प झाले आणि तेही आर्थिक वर्ष संपत असताना. यूपीआय चालू राहते, पण शाखेतील चेक आणि डिमांड ड्राफ्टची कामे अडतात. ती तीन-चार दिवस आधी उरकावीत. संप ही बँकेची सुट्टी नव्हे, म्हणून कर्जाचा हप्ता ठरलेल्या तारखेलाच खात्यातून वळता होऊ शकतो. तेवढी शिल्लक आधीच ठेवावी. भाजीवाल्यासाठी थोडे सुटे पैसेही घरात असावेत.

मोंढ्यातील किंवा जाधववाडीच्या बाजार समितीतील हमाल सहभागी असतील, तर माल उतरत नाही आणि टंचाई बहुधा दुसऱ्या दिवशी जाणवते. कांदे, बटाटे, डाळ पुरेशी असली की झाले. साठेबाजी करू नये.

घरात आजारी माणूस असेल, तर आठवडाभराची औषधे आणून ठेवावीत. डायलिसिसची पाळी त्या दिवशी येत असेल, तर केंद्राशी आदल्या दिवशीच बोलून वेळ पक्की करावी. घाटी या सरकारी रुग्णालयातील साधी तपासणी पुढे ढकलता येते. तातडीच्या प्रसंगी मात्र वाट न पाहता १०८ ला फोन करावा. आशाताई संपावर असल्याने बाळाची लस चुकली, तर पुढची तारीख त्यांनाच विचारावी. उशीर झाला म्हणून लस सोडून देऊ नये.

क्रांती चौकाच्या परिसरात मोर्चा असल्यास वेगळ्या रस्त्याने जावे आणि रेल्वे गाठायची असेल, तर तासभर आधी निघावे. वाळूज किंवा शेंद्र्याला पाळीवर जाणाऱ्यांनी कंपनीची बस येणार की नाही, हे आदल्या संध्याकाळीच विचारून घ्यावे.

घंटागाडी आली नाही, तर ओला कचरा झाकणाच्या डब्यात ठेवावा. तो कोपऱ्यावर टाकला, तर परतणाऱ्या सफाई कामगारालाच तो उचलावा लागतो. घरी कामाला येणाऱ्या मावशींना मोर्चाला जायचे असेल किंवा रिक्षा न मिळाल्याने येता आले नाही, तर त्या दिवसाचे पैसे कापू नयेत. ही गोष्ट त्यांना आदल्या दिवशीच स्पष्ट सांगावी, म्हणजे त्यांना महिनाअखेरीची धास्ती बाळगावी लागत नाही.

संप मिटल्यावर पहिल्या दिवशी बँकेत आणि टपाल कार्यालयात गर्दी उसळते. निकड नसेल, तर आपले काम आणखी एक दिवस थांबवून ती जागा पेन्शन काढायला आलेल्या वृद्धांसाठी मोकळी ठेवावी.