गर्भाशयात फायब्रॉइड? या चुका टाळा

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘फायब्रॉइड’ दिसलं की घरातून दोनच वाक्यं ऐकू येतात. ‘कॅन्सर तर नाही ना?’ आणि ‘काढा घे, विरघळेल.’ फायब्रॉइड ही गर्भाशयाच्या स्नायूची गाठ असते आणि ती कॅन्सरची निघणं फार दुर्मीळ. पण झालेली गाठ काढ्याने किंवा पथ्याने विरघळत नाही. आहार कामाला येतो तो धोका कमी करायला आणि पाळीत जास्त गेलेलं रक्त भरून काढायला. अनुवंशिकता, लवकर आलेली पाळी यांवर तर कुणाचाच ताबा नाही.

सोलापुरात हमखास होणारी चूक उन्हाची. ड जीवनसत्त्व कमी असलेल्या बायकांमध्ये फायब्रॉइड जास्त आढळतात, असं अनेक अभ्यासांत दिसलंय. आपल्याकडे उन्हाला काय तोटा? पण स्कूटीवर स्कार्फ आणि हातमोजे, नंतर दिवसभर ऑफिसात, नाहीतर घरात विड्या वळत. अंगाला ऊन लागतंच कुठे? पहाटे सहाला फिरायला जाणं व्यायाम म्हणून उत्तम, पण ड जीवनसत्त्वासाठी हवे ते किरण ऊन वर चढल्यावरच मिळतात. थंडीत दहा-अकराच्या सुमारास हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ बसा. मे महिन्यात अर्थातच बेताने. आणि 60,000 युनिटच्या गोळ्या मैत्रिणीचं ऐकून सुरू करू नका. अति झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं, मूत्रपिंडाला त्रास होतो.

वजनाकडे दुर्लक्ष नको. चरबीतही इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक (हार्मोन) तयार होतं आणि या गाठी त्यावर पोसतात. फळं, पालेभाज्या जास्त खाणाऱ्यांत धोका कमी दिसतो, मटण-बीफ जास्त खाणाऱ्यांत थोडा अधिक. म्हणून डब्यात वडापावऐवजी ज्वारीची भाकरी आणि मेथी बरी. शेंगाचटणीचा यात काही दोष नाही, वरून तेल ओतताना तेवढा हात आवरा.

रक्त कमी आहे म्हणून नुसती डाळिंबं खाऊ नका. सोलापूरचं डाळिंब कितीही लाल असलं तरी त्यात लोह अगदी थोडं. हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर बहुतेक वेळा डॉक्टर लोहाच्या गोळ्या देतात. त्या चहासोबत घेतल्या तर निम्मं काम वाया. लिंबूपाण्यासोबत घ्या.

‘आधी काही महिने पथ्य करून बघते’ म्हणत अंगावर काढणं सगळ्यात महागात पडतं. तासा-दोन तासाला पॅड भिजतोय, मोठ्या गुठळ्या पडतायत, पाळी सात दिवसांपुढे जातेय, सारखं लघवीला लागतंय, तर थेट स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. त्रास नसलेल्या छोट्या गाठीला बऱ्याचदा फक्त अधूनमधून सोनोग्राफी पुरते. तिशीच्या आत कुणी ‘पिशवीच काढून टाका’ म्हणालं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. औषधं आहेत, पिशवी राखून फक्त गाठ काढण्याची शस्त्रक्रियाही आहे. रिपोर्ट दाखवताना गाठ किती सेंटिमीटरची एवढंच विचारून उठू नका, ती कुठे आहे तेही विचारा. गर्भाशयाच्या पोकळीत आलेली छोटी गाठ बाहेरच्या बाजूच्या मोठ्या गाठीपेक्षा जास्त रक्तस्राव करू शकते.