अल्पाका देण्याआधी चारा बघा: अँडीजमधल्या शेतकरी कुटुंबांना मदत करताना या चुका टाळा

नाताळ जवळ आला की परदेशात राहणाऱ्या आपल्या मंडळींच्या हाती देणग्यांचे कॅटलॉग पडतात. कानात रंगीत गोंडे घातलेला लामा (अल्पाकासारखाच, उंटाच्या कुळातला लोकरीचा प्राणी), शेजारी हसरी मुलगी, खाली रक्कम. पैसे भरले की पेरू किंवा बोलिव्हियातल्या एखाद्या कुटुंबाच्या दावणीला जनावर येतं. कल्पना चांगली आहे आणि जुनीही. १९४४ मध्ये अमेरिकेतल्या डॅन वेस्ट यांच्या प्रयत्नातून पोर्टो रिकोला कालवडी रवाना झाल्या. त्यात अट एकच होती, की पुढे होणारी कालवड दुसऱ्या गरजू कुटुंबाला द्यायची. आपल्याकडे अर्धलीने शेळी पाळायला देतात, त्यामुळे यातलं शहाणपण आपल्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पण दक्षिण अमेरिकेतल्या अँडीजचा डोंगर वेगळा आहे. तिथे जनावर देणं हा कामाचा सगळ्यात सोपा भाग. देणगी देणारे, स्वयंसेवक म्हणून जाणारे आणि असे प्रकल्प आखणारे ज्या चुका पुन्हा पुन्हा करतात, त्या इथे सांगतो.

चाऱ्याचा हिशेब न करता जनावर देणं

सगळ्यात मोठी चूक हीच. पेरू-बोलिव्हियाच्या सीमेवरचं टिटिकाका सरोवर समुद्रसपाटीपासून ३,८१२ मीटरवर आहे, आणि अल्पाकांची कुरणं त्याच्याही वर, ४,००० मीटरच्या पुढे. या उंच माळाला पुना म्हणतात. पाऊस मुख्यतः डिसेंबर ते मार्च. मेपासून गवत पिवळं पडतं आणि जून-जुलैच्या रात्री पारा शून्याच्या कितीतरी खाली उतरतो. मग बातमी येते की थंडीने अल्पाका दगावल्या. एवढी लोकर अंगावर असलेलं जनावर नुसत्या थंडीने सहसा मरत नाही. ते उपाशी पोटाने हिवाळ्यात शिरतं आणि मग न्यूमोनिया त्याला गाठतो. दहा जनावरांना जेमतेम पुरणाऱ्या कुरणावर अकरावं आणून सोडलं, तर आपण अकराही जनावरांचा घास तोडला.

हे ओळखायचं कसं? लांबून बघून कळत नाही, कारण लोकरीखाली हडकुळेपणा झाकला जातो. मे महिन्यात जनावराच्या पाठीवर, कण्यावर आडवा पंजा ठेवा आणि लोकर दाबून बोटं खाली न्या. कण्याच्या दोन्ही बाजूंना मांस भरलेलं लागलं तर ठीक. बोटं खोलगट जागेत गेली आणि मणके मोजता आले, तर ते जनावर ऑगस्ट बघेल याची खात्री नाही. अशा वेळी औषधांच्या पेट्या मागवण्याआधी चारा मागवा.

खरा उपाय मात्र सहा महिने आधी करायचा असतो. पावसाच्या सुरुवातीला ओट पेरायचे, पाऊस संपता संपता कापून वाळवायचे किंवा त्यांचा मुरघास करायचा, आणि म्हातारी, न विणारी जनावरं कोरडा काळ लागण्याआधीच कमी करायची. त्यांचं मांस खारवून, वाळवून चार्की करतात, ती टिकते. कळप लहान करणं ही तिथे हार मानली जात नाही. प्रकल्पाच्या अहवालात मात्र ‘जनावरांची संख्या वाढली’ हेच यश मानतात, आणि तिथेच घोटाळा होतो.

गोठ्याचंही तसंच. थंडीपासून आडोसा म्हणून पत्र्याचे गोठे बांधले जातात, पण पत्रे घेऊन येणारा ट्रक जिथवर पोचतो तिथे. कळप मात्र कोरड्या दिवसांत वरच्या पाणथळ कुरणांवर गेलेला असतो. म्हणून गोठ्याची जागा ठरवताना एकच प्रश्न विचारा: जुलैच्या रात्री तुमची जनावरं कुठे झोपतात?

ही पाणथळ कुरणं, म्हणजे बोफेदाल, हा सगळ्या पशुपालनाचा श्वास आहे. दाट गादीसारख्या वनस्पतींचा हा ओला थर स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो आणि बाकी माळ करपला तरी हिरवा राहतो. तो आपोआप टिकत नाही. गुराखी कुटुंबं पिढ्यान् पिढ्या छोटे पाट काढून पाणी त्यावर फिरवत आली आहेत. जगातल्या उष्ण कटिबंधातल्या हिमनद्यांपैकी सुमारे ७० टक्के पेरूत आहेत आणि त्या झपाट्याने आटताहेत, तेव्हा प्रत्येक पाटाची किंमत वाढली आहे. सद्हेतूने का होईना, वरचा झरा पाइपात घालून खाली नेला आणि बोफेदाल सुकला, तर दिलेली सगळी जनावरं वाया गेली असं समजा.

पिल्लं का मरतात, हे न बघता लसीच्या मागे धावणं

अल्पाकाच्या पिल्लाला क्रिया म्हणतात. गाभणकाळ जवळपास साडेअकरा महिन्यांचा आणि वेताला एकच पिल्लू. म्हणजे एक पिल्लू गेलं की त्या मादीचं वर्ष गेलं. आपल्या शेळीसारखी जुळी-तिळी इथे नाहीत, त्यामुळे ‘दोन वर्षांत कळप दुप्पट’ असली गणितं कागदावरच राहतात.

विण्याचा हंगाम पावसाळ्यात असतो, कारण तेव्हा गवत असतं. आणि अल्पाका बहुधा सकाळी ते दुपारच्या आत विते. ओलं पिल्लू उन्हात सुकलं पाहिजे, चार पायांवर उभं राहून आचळाला लागलं पाहिजे, आणि हे सगळं संध्याकाळचा गारठा पडण्याआधी. दुपार कलली तरी मादी कळा देत असेल, तर काहीतरी अडलं आहे. वाट बघत बसू नका.

पहिल्या काही आठवड्यांतल्या मरतुकीचं मोठं कारण आंत्रविषार, म्हणजे आतड्यातल्या जंतूंच्या विषाने होणारा रोग. आपल्याकडच्या मेंढपाळांना हे नाव चांगलं ठाऊक आहे. चांगलं बाळसं धरलेलं पिल्लूच अचानक जातं. पावसात चिखल झालेल्या, लेंड्यांनी भरलेल्या त्याच त्या वाड्यात कळप रात्रीमागून रात्री बसवला की रोगजंतूंना आयतं रान मिळतं. बसण्याची जागा वरचेवर बदलणं, ती उताराची आणि कोरडी असणं, जन्मल्याबरोबर नाळेला आयोडीन लावणं आणि पहिल्या काही तासांत पोटात चीक जाणं, ही चार कामं बिनपैशाची किंवा अगदी थोड्या पैशांची आहेत. ती होत नसतील तर लसीसारख्या महागड्या उपायांवर खर्च करून काही हाती लागत नाही.

माद्या गाभण राहत नाहीत अशी तक्रार असेल, तर आधी नर बघा. अल्पाकाला गाय-म्हशीसारखा ठरावीक दिवसांचा माज नसतो. समागमानंतरच बीज सुटतं. नर वर्षभर माद्यांतच राहिला तर त्याचा उत्साह मावळतो. नर वेगळे ठेवून हंगामात आळीपाळीने सोडले की फरक पडतो. गाभण मादी नराला जवळ येऊ देत नाही, त्याच्या तोंडावर थुंकते आणि पळते. तिथल्या गुराखी बायका यावरूनच गाभण कोण, हे सांगतात.

मैदानातली गाय डोंगरावर चढवणं

हे थोडक्यात. सखल भागातून आणलेली दुधाळ गाय ४,००० मीटरवर नेली की विरळ हवेमुळे फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांवरचा दाब वाढतो, हृदयाची उजवी बाजू थकते आणि पोळीखाली, छातीच्या पुढच्या भागात सूज उतरते. ही सूज दिसली तर गाय खाली न्या. अल्पाका-लामांचं रक्त विरळ हवेतला ऑक्सिजन जास्त घट्ट धरून ठेवतं, गायीचं तसं नाही. पेरूच्या पुनो भागात ब्राउन स्विस जातीच्या गायी रुळल्या आहेत आणि आयाविरीच्या परिसरात दुग्धव्यवसाय चांगला चालतो. गाय द्यायचीच असेल तर त्याच उंचीवर जन्मलेली घ्या.

गिनीपिग म्हणजे बिनकष्टाचं जनावर, असं धरून चालणं

गिनीपिगला तिथे कुई म्हणतात. मांसासाठी तो हजारो वर्षांपासून पाळला जातो, आणि कित्येक घरांत आजही स्वयंपाकघरातच, चुलीच्या उबेला असतो. बाईने पहाटे चूल पेटवली, कोपऱ्यात भाज्यांची सालं आणि मूठभर चारा टाकला की पायाशी ‘कुई, कुई’ असा गलका सुरू होतो. गाभणकाळ दोन महिन्यांच्या थोडा वर, वेताला दोन ते चार पिल्लं, जागा थोडी लागते आणि पैसा बाईच्या हातात येतो. म्हणून हा प्रकल्पवाल्यांचा लाडका प्राणी. आणि म्हणूनच इथे हलगर्जीपणाही फार होतो.

पहिली गोष्ट, माणसाप्रमाणेच गिनीपिगच्या शरीरातही क जीवनसत्त्व तयार होत नाही. कोरड्या महिन्यांत हिरवा चारा संपला आणि त्याला नुसत्या वाळल्या काड्यांवर किंवा धान्यावर ठेवलं, तर सांधे सुजतात, तो लंगडतो, अंग धरून बसतो. हे बघून लोक जंतांचं औषध देतात. गरज असते हिरव्या पाल्याची. दुसरी गोष्ट पोटफुगी. सकाळी दवाने भिजलेला लसूणघास कापून तसाच टाकला की संध्याकाळपर्यंत दोन-चार जनावरं फुगून आडवी होतात. चारा आधी पसरून सुकू द्यावा.

एकदम सगळं खुराडं बसायला लागलं, पिसवटलेली केसं, गाभण माद्या गाभ टाकायला लागल्या, तर साल्मोनेला या जिवाणूच्या संसर्गाचा संशय घ्या. उंदीर आणि नवीन आणलेलं जनावर या त्याच्या नेहमीच्या वाटा. नवीन कुई निदान दोन-तीन आठवडे वेगळा ठेवा. आणि पिल्लं साधारण दोन आठवड्यांची झाली की नर-माद्या वेगळ्या करा. ते न झाल्यामुळे भाऊबहिणींत पैदास होते आणि पुढची पिढी बारीक निघते. मग ‘सुधारित जात इथे चालली नाही’ असा शेरा लिहिला जातो.

तुम्ही वीस माद्या देणार असाल, तर आधी लसूणघासाचा वाफा लावून घ्या. चारा डोक्यावरून कोण आणणार, हेही विचारा. उत्तर जवळजवळ नेहमी एकच असतं: आई, नाहीतर शाळेतून आलेली मुलगी.

सगळा कळप पांढरा करणं

पांढऱ्या लोकरीला कोणताही रंग चढतो, म्हणून पेरूतल्या अरेकिपा शहरातल्या लोकरीच्या गिरण्यांना ती हवी असते. त्यापायी जातसुधारणेच्या नावाखाली गावोगाव पांढरे नर वाटले गेले, आणि तपकिरी, करडे, काळे कळप कमी होत गेले. रंगीत लोकर न रंगवता वापरता येते, हाताने विणणाऱ्यांना ती लागते, आणि एकदा गेलेला रंग परत आणायला पिढ्या जातात. दर गावात काही रंगीत नर राखून ठेवायला मदत करा.

लोकरीचा पैसा मात्र रंगापेक्षा प्रतवारीत जास्त अडकतो. दारात आलेला व्यापारी सगळी लोकर एकाच भावाने वजनावर उचलतो. गिरणीत गेल्यावर अनुभवी बायका तीच लोकर बोटांत धरून, चिमटीत चोळून ढीग वेगळे करतात आणि प्रत्येक ढिगाचा भाव निराळा होतो. बाजारात ‘बेबी अल्पाका’ म्हणून विकतात ती पिल्लांची लोकर असेलच असं नाही. तो बारीकपणाचा दर्जा आहे, साधारण २३ मायक्रॉनच्या आतला (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). कातरणी स्वच्छ जमिनीवर, ताडपत्री टाकून करणं, पाय-पोटाची जाडीभरडी लोकर तिथल्या तिथे बाजूला काढणं आणि गावाने मिळून एकत्र विकणं, यात एक नवीन जनावर देण्यापेक्षा जास्त फायदा आहे.

शेत आणि जनावर वेगळं काढणं

बोलिव्हियाच्या दक्षिण माळावर, उयुनीच्या मिठागराभोवती जे झालं ते प्रत्येकाने समजून घ्यावं. तिथली क्विनोआ, म्हणजे तिथलं पारंपरिक धान्य, पूर्वी डोंगरउतारावर पिकायची, खालच्या सपाटीवर लामा चरायचे, आणि लामांच्या लेंड्या शेताला मिळायच्या. संयुक्त राष्ट्रांनी २०१३ हे क्विनोआ वर्ष म्हणून साजरं केलं, भाव आभाळाला भिडले. सपाटी ट्रॅक्टरने नांगरली गेली, वारा अडवणारी थोलाची झुडपं उपटली गेली, लामा कमी झाले. उघडी पडलेली रेताड माती वाऱ्याने उडाली आणि लेंडीखत कमी पडलं. पेरूच्या किनारपट्टीवर पीक वाढलं आणि २०१५ च्या सुमारास भाव कोसळले. शेतकऱ्याकडे ना भाव राहिला, ना कळप. आपल्याकडे धनगरांचा वाडा शेतात बसवायला शेतकरी का बोलावतो, हे ज्याला कळतं त्याला ही गोष्ट लगेच कळेल. क्विनोआचा प्रकल्प असो की बटाट्याचा, त्यात लामा-मेंढ्यांची जागा कुठे आहे, ते आधी विचारा.

मजुरी देऊन परंपरा जिवंत करू पाहणं

टिटिकाकाच्या काठी वारू वारू नावाची प्राचीन शेती होती: उंच गादीवाफे, मधे पाण्याचे चर, रात्रीचा कडाका कमी करणारे. १९८० च्या दशकात पुरातत्त्वज्ञांनी गावकऱ्यांबरोबर ती पुन्हा करून पाहिली, पीक चांगलं आलं, आणि मग संस्थांनी धान्य आणि मोबदला देऊन ती सगळीकडे पसरवली. मोबदला थांबला तसे कित्येक वाफे ओस पडले. चर उपसायला माणसं लागतात, आणि तरुण शहरात गेलेले. तिथे आयनी म्हणजे ‘आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या’ ही रीत आहे, आपल्या सावडीसारखी. मजुरी सुरू केली की आयनी मागे पडते. हात किती आहेत हे मोजून, कुटुंबं आपणहून जेवढं पेलतील तेवढंच काम धरा.

शेवटची गोष्ट बैठकीची. बैठक सकाळी दहाला, स्पॅनिशमध्ये आणि शाळेच्या इमारतीत ठेवली की पुरुष येतात. कळप राखणारी, पिल्लांना चीक पाजणारी, कुईंना चारा घालणारी बाई तेव्हा वर कुरणात असते आणि ती बोलते केचुआ किंवा ऐमारा. जानेवारी ते मार्च तर सकाळची वेळ मुळीच नको. त्याच वेळी अल्पाका वितात. कळप वाड्यात आल्यावर, संध्याकाळी, तिच्या भाषेत बोलणारं माणूस बरोबर घेऊन वाड्यापाशीच बसा.