कॉफीचं पाकीट बाजारात आणताय? लेबल, नाव आणि नोटीस यांचं बघा

चिकमगळूर किंवा कूर्गहून बिया मागवायच्या, लातुरात नाहीतर जालन्यात भाजून दळायच्या आणि आपल्या नावाने पाकिटं विकायची, या धंद्यात कायद्याचा त्रास भट्टीपाशी क्वचितच होतो. तो सुरू होतो छापखान्यात. डिझायनर एखाद्या मोठ्या कंपनीचं पाकीट समोर ठेवून मजकूर उचलतो, घाईत प्रूफवर सही होते आणि हजारोंनी पाउच छापून येतात. एक ओळ चुकली तरी तो सगळा गठ्ठा पडून राहतो.

अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या (एफएसएसएआय) फॉसकॉस पोर्टलवर उलाढालीनुसार नोंदणी किंवा परवाना काढावा लागतो, हे बहुतेकांना ठाऊक असतं. त्याचा 14 आकडी क्रमांक पाकिटावर येतोच, तसा बिलावरही यायला हवा. लोक विसरतात ते वजनं-मापं तपासणाऱ्या वैधमापन शास्त्र विभागाला. पाकीटबंद माल भरणाऱ्याने काम सुरू केल्यापासून 90 दिवसांत तिथे वेगळी नोंदणी करायची असते, फी 500 रुपये. काट्याची पडताळणी करून शिक्का मारून घ्यायचा तोही याच विभागाकडून.

आता प्रूफ. त्यावर मालाचं नाव, भरणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, बॅच क्रमांक, पॅकिंगची तारीख, ग्राहकाने तक्रार कुठे करायची तो फोन व ईमेल आणि शाकाहाराचा हिरवा ठिपका हवा. तारखेत हमखास घोळ होतो: नुसतं 'बेस्ट बिफोर' पुरत नाही, 'एक्सपायरी' किंवा 'यूज बाय' तारीख लागते. दुसरा घोळ प्रति ग्रॅम दराचा. 200 ग्रॅमचं पाकीट 240 रुपयांना असेल, तर किमतीजवळ 'प्रति ग्रॅम 1.20 रुपये' छापा. एक किलोपेक्षा मोठ्या पाकिटावर हाच दर किलोवर येतो. वजनाच्या मागे 'अंदाजे' लावून सुटका होत नाही. भरताना रिकामा पाउच काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा. पाउचसकट 200 भरलं, तर भुकटी तेवढी कमीच भरते आणि तपासणीत नेमकं तेच पकडतात.

भाषेचीही गंमत आहे. लेबलावरचा सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत हवा. मराठी जरूर छापा, पण ती जोडीला. दुकानाच्या पाटीला मात्र उलटा नियम: मराठी नाव आधी, आणि त्याची अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नकोत.

चिकोरी, म्हणजे कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळांची भुकटी, घालत असाल तर लपवू नका. मिश्रणात कॉफी वजनाने किमान 51 टक्के असलीच पाहिजे आणि दोन्हींची टक्केवारी लेबलावर हवी. ठरलेलं प्रमाण 70:30 आणि एखाद्या घाण्याला 60:40 पडलं, तर छापलेलं लेबल खोटं ठरतं. म्हणून प्रत्येक घाण्याचं वजन वहीत लिहा आणि प्रत्येक बॅचचं एक सीलबंद पाकीट स्वतःजवळ ठेवा. 'शुगरवर गुणकारी' असलं काही छापूच नका. मधुमेह बरा करण्याच्या जाहिरातीला 1954 च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यानेच बंदी आहे.

'कूर्ग अरेबिका', 'वायनाड रोबस्टा', 'चिकमगळूर अरेबिका' यांना 2019 मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे त्या भागातल्याच मालाला ते नाव लावण्याचा हक्क, मिळालं. मिश्र बियांच्या पाकिटावर ती नावं मिरवणं म्हणजे आपल्या वसमतच्या हळदीच्या नावावर भलतीच हळद विकणं.

ब्रँडचं नाव ठरवण्याआधी ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर फुकट शोध घ्या, स्पेलिंगने आणि उच्चारानेही. नोंदणी मालाच्या किंवा सेवेच्या वर्गानुसार होते: पाकिटासाठी वर्ग 30, कॅफेसाठी वर्ग 43. एकट्या व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन फी प्रत्येक वर्गाला 4,500 रुपये. मोठ्या नावाची गमतीदार नक्कल महागात पडते: दिल्लीच्या 'सरदारबक्श'ला स्टारबक्सने 2018 मध्ये हायकोर्टात खेचलं आणि नाव बदलून 'सरदारजी-बख्श' करावं लागलं. अर्ज केल्यावर 'टीएम' लावता येतं. गोलातलं 'आर' प्रमाणपत्र हाती आल्यावरच.

अन्न सुरक्षा अधिकारी नमुना घ्यायला आला तर वाद घालू नका. तो नमुन्याची किंमत देतो आणि चार भाग करून सील करतो. त्यातला एक भाग एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या प्रयोगशाळेत पाठवावा, अशी मागणी तिथेच लेखी द्या. खर्च तुमचा, पण सरकारी अहवाल विरोधात गेला तर हाती काहीतरी असतं. अन्न विश्लेषकाने 14 दिवसांत अहवाल द्यायचा असतो; तो प्रतिकूल असला तर 30 दिवसांत पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे अपील करा. लेबलाच्या चुकीला 3 लाखांपर्यंत आणि कमी दर्जाला 5 लाखांपर्यंत दंड आहे.

ग्राहक बहुतेक वेळा आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करतो. तिथेच पाकीट बदलून दिलं, पैसे परत केले, तर प्रकरण सहसा मिटतं. दुर्लक्ष केलंत तर जिल्हा ग्राहक आयोगाची नोटीस येते, आणि ऑनलाइन माल घेणारा परभणीचा असेल तर खटला परभणीतच चालू शकतो. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला त्याला फीसुद्धा नाही. तक्रारीच्या प्रतीसह नोटीस मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी म्हणणं द्यायचं, आयोगाने मुभा दिली तर आणखी 15. त्यापुढे एकही दिवस नाही. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने मार्च 2020 मध्येच हे ठरवून टाकलं. वकील गावाला गेला होता, ही सबब चालत नाही. नोटीस मिळाल्याची तारीख तिच्या लिफाफ्यावर लिहून ठेवा आणि बॅचची वही, बिलं, प्रयोगशाळेचा अहवाल म्हणण्यासोबतच जोडा. निकाल विरोधात गेला तर अपिलाला 45 दिवस मिळतात, आणि भरायला सांगितलेल्या रकमेपैकी निम्मी आधी जमा करावी लागते.