स्वतःहून रस्ते बदलणारं नेटवर्क बनवायचंय? आधी त्याला विसरायला शिकवा

1989 सालचा मुंग्यांचा एक प्रयोग आहे, त्यात वारूळ आणि खाणं यांच्यात आधी फक्त लांबचा पूल ठेवला आणि अर्ध्या तासाने जवळचा पूल जोडला, तरी बहुतेक मुंग्या लांबच्याच पुलावरून जात राहिल्या, कारण मुंग्यांनी वाटेवर सोडलेला तिथला वास आधीच पक्का झाला होता आणि तो लवकर उडत नव्हता. आपलं नेटवर्क, म्हणजे डेटा इकडून तिकडे पोचवणारं कॉम्प्युटरचं जाळं, नेमकं इथेच फसतं, जुनी वाट सोडत नाही.

सुरुवात सिम्युलेशनमध्येच करा, दहा-बारा नोड, म्हणजे जाळ्यातले कॉम्प्युटर, पुरे. प्रत्येक नोडकडे टेबल ठेवा, अमुक ठिकाणी जायचं तर कुठल्या शेजाऱ्याकडे किती शक्यतेने पाठवायचं. मग थोड्या थोड्या वेळाने एक छोटं पॅकेट सोडा, त्याला मुंगी म्हणतात, ती वाटेतले नोड आणि लागलेला वेळ लक्षात ठेवते आणि पोचली की त्याच वाटेने परत येत टेबलं बदलते. जाताना तिला डेटाच्याच रांगेत उभं करा, नाहीतर ट्रॅफिक किती तुंबलंय ते तिला कळणारच नाही, परत येताना मात्र रांग सोडून पुढे जाऊ द्या. अँटनेट या मुंग्यांवरून सुचलेल्या 1998 च्या पद्धतीत असंच केलंय.

आता आकडे बघा. तीन शेजारी आहेत, त्यांच्या शक्यता 0.5, 0.3, 0.2. मुंगी 0.3 वाल्या शेजाऱ्याकडून परत आली आणि बक्षीस, म्हणजे ती वाट किती पक्की करायची तो आकडा, 0.1 ठरलं, तर 0.3 मध्ये उरलेल्या 0.7 चा दहावा भाग टाका, झाले 0.37, आणि बाकीचे 0.9 ने गुणा म्हणजे 0.45 आणि 0.18. बेरीज पुन्हा 1. बक्षीस वेळेवरून ठरवा, अलीकडच्या चांगल्या वेळेच्या जितकं जवळ तितकं जास्त.

मेंदूही असंच सांभाळतो बरं का. मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेबने 1949 मध्ये मांडलं की न्यूरॉन, म्हणजे मेंदूच्या पेशी, यांच्यातला वापरलेला जोड घट्ट होतो, पण नुसतं तेवढंच झालं तर सगळं हाताबाहेर जाईल, म्हणून न्यूरॉन फार पेटायला लागला की त्याला पेटवणारे सगळे जोड एकाच प्रमाणात खाली आणले जातात.

पण लिंक तुटली की मुंगी परतच येत नाही, मग आकडा तसाच राहतो. म्हणून दर ठराविक वेळाने सगळे आकडे समान वाट्याकडे (तीन शेजारी असतील तर प्रत्येकी एक तृतीयांश) एक टक्का ओढा. फार ओढलंत तर शिकलेलं टिकत नाही, त्यामुळे हा आकडा घाई न करता बसून ट्यून करा.

टेस्ट करताना सगळेजण एखादी लिंक तोडून बघतात. तुम्ही मधेच एक नवी जवळची लिंक जोडून बघा, किती वेळात ट्रॅफिक तिकडे वळतं ते.